घर आहे की धर्मशाळा?

शाळेतून आलात, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं, दोन घास पोटात ढकलले आणि पुन्हा खेळायला पळालात, की आई काय म्हणते? "हे घर आहे की धर्मशाळा?" माझी आईसुद्धा हेच म्हणायची. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, धर्मशाळा म्हणजे काहीतरी गबाळं ठिकाण असणार. कुणीही यावं, कुणीही जावं, कुणाला कुणाची विचारपूस नाही! प्रत्यक्ष धर्मशाळेत राहायचा योग मात्र वयाच्या चौतिसाव्या वर्षी आला. आणि तोही एकटीला नाही, एक्केचाळीस मुलांना घेऊन!

त्याचं असं झालं. आमची जिल्हा परिषदेची शाळा अकोले तालुक्यात, डोंगराच्या कडेला. सहावी-सातवीची सहल नाशिकला न्यायची ठरली. नाशिक आम्हाला फार लांब नाही, पण पंचवटी, गोदावरीचा घाट आणि पांडवलेणी हे सगळं एका दिवसात उरकायचं म्हणजे नुसती पळापळ. मुलांनी बघायचं कधी? म्हणून एक मुक्काम करायचा ठरला. शाळेच्या सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते, तेव्हा प्रवासाचं जमलं. घोडं अडलं ते मुक्कामाशी. हॉटेलच्या खोल्यांचे दर ऐकून आमच्या मुख्याध्यापक गुरुजींनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, धर्मशाळा नाहीतर यात्री निवास बघा."

पालकसभेत मी हे सांगितलं. बहुतेकांनी माना डोलावल्या. पण मागच्या रांगेतून एक वडील ताडकन उभे राहिले. "बाई, आमची पोरं काय भिकारी हायेत का धर्मशाळेत झोपायला? पैसं कमी पडत असतील तर सांगा, आम्ही वर्गणी काढू. पर माझी पोरगी धर्मशाळेत न्हाई जायची."

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. त्यांचा हेतू काही वाईट नव्हता. लेकीची काळजी होती, आणि थोडी लाजही होती. गावात लोक काय म्हणतील? चार दिवसांनी त्यांनी संमतिपत्रावर सही केली, ती माझ्या सांगण्यामुळे नव्हे. लेकीने दोन दिवस जेवण सोडलं होतं म्हणून!

निघण्याआधी मी एका यात्री निवासात फोन करून मोठा हॉल सांगून ठेवला होता. "पैसे आल्यावर द्या," असं ते म्हणाले आणि मीही "बरं" म्हणून मोकळी झाले. इथेच चुकलं माझं. डिसेंबरातल्या रात्री साडेआठला आम्ही दारात पोचलो, तर आत मांडवाची झालर आणि सनईचा आवाज. हॉल लग्नाच्या वऱ्हाडाला दिला होता! "कुठल्या बाई? कधीचा फोन?" माझ्याजवळ पावती नव्हती, तेव्हा बोलणार काय? (पालकांनाही सांगून ठेवते, जागा कितीही स्वस्त असली तरी थोडी रक्कम आधी भरावी आणि पावती घ्यावी. फोनवरच्या "या हो" ला काही अर्थ नसतो.)

बाहेर गाडीत एक्केचाळीस मुलं. निम्मी पेंगुळलेली, एकाला उलटी झालेली, दोघींचे डोळे भरून आलेले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "गाडीतच झोपवू पोरांना." पण गाडीच्या चार-पाच खिडक्या बंदच होत नव्हत्या आणि नाशिकची डिसेंबरातली थंडी म्हणजे काय, ते शेजारच्या निफाडच्या द्राक्षबागायतदारांना विचारा! तेवढ्यात समोरच्या चहावाल्याने हात केला. "बाई, नदीकाठाला धर्मशाळा आहे. तिथं विचारा. पोरं बघून नाही म्हणायचे नाहीत."

आम्ही गेलो. व्यवस्थापक कानटोपी घालून बसले होते. साठीच्या पुढचे असावेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मुली किती, मुलगे किती?" दुसरा प्रश्न, "जेवलीत का पोरं?" तिसरा प्रश्न नव्हताच. मोठी नोंदवही उघडून त्यांनी शाळेचं पत्र पाहिलं, मुलांची यादी टाचून घेतली, माझं आणि सरांचं ओळखपत्र तपासलं. आडनावं वाचली, ती डोकी मोजण्यापुरती. मुलींना वरच्या मजल्यावरचा हॉल, मुलग्यांना खालचा. सतरंज्या फुकट, गादी हवी तर थोडं भाडं. दाराला कुलूप मात्र आपलं आपण आणायचं, कारण तिथे कडी असते, कुलूप नसतं. ते ड्रायव्हरकाकांच्या पेटीतून निघालं.

आता मुलांनो, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये वीस-बावीस जणांनी झोपायचं म्हणजे कसं, सांगा बरं? आमच्या मुलग्यांनी आधी नुसता गोंधळ घातला. प्रत्येकाला भिंतीकडची जागा हवी! सर ओरडून दमले. शेवटी व्यवस्था लावली ती आमच्या वर्गातल्या एका अबोल मुलाने. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. हंगामात हाही बरोबर असतो, सहा-सहा महिने शेताच्या कडेला कोपीत राहतो. शाळा बुडते म्हणून मी त्याला कितीदा रागावले आहे! वर्गात त्याचा आवाज मी क्वचितच ऐकला असेन. त्या रात्री तो हॉलच्या मध्ये उभा राहून सांगत होता, "सतरंजी दुहेरी करा, गारठा खालनं येतो. डोकी सगळ्यांची भितीकडं, पाय मधी. मधनं वाट ठेवा, रातच्याला कुणी उठलं तर तुडवातुडवी नको. चपला पिशवीत घाला आन् पिशवी उशाला. पैसं खिशात नको, बनियनच्या आत." दहा मिनिटांत दोन सरळ रांगा लागल्या. सर माझ्याकडे बघून हसले. मी काही हसू शकले नाही. वर्गात मी त्याला कधी मुलांपुढे उभं केलं होतं?

वरच्या मजल्यावर वेगळंच चाललं होतं. ज्या वडिलांनी हरकत घेतली होती, त्यांची लेक झोपेना. "बाई, लाइट चालू ठेवू?" मग "बाई, दाराबाहेर कोण आहे?" दाराबाहेर व्हरांड्यात एक आजी पथारी टाकून बसल्या होत्या. खानदेशातून आलेल्या. पोरगी धीट, थेट विचारलं, "आजी, तुम्ही पण सहलीला आलाय का?" आजी हसल्या. म्हणाल्या, त्यांचा मुलगा इथल्या दवाखान्यात आहे. सून त्याच्याजवळ बसते, एकालाच थांबू देतात. म्हणून रात्री त्या इथे झोपायला येतात. आज अकरावा दिवस. लॉजमध्ये एवढे दिवस राहायचं तर घरची म्हैस विकावी लागली असती. मग आजींनी पोरीला जवळ बसवून घेतलं आणि दवाखान्यातल्या डबेवाल्यापासून घरच्या म्हशीपर्यंत काय काय सांगितलं. पोरगी आजींच्या पांघरुणातच झोपली. मी उचलून आत आणली.

पहाटे पाचपासून न्हाणीघरापुढे बादल्यांची रांग! निघायच्या आधी व्यवस्थापकांनी कोपऱ्यातला खराटा दाखवला. बोलले काही नाहीत. मुलांनी हॉल झाडला, सतरंज्या घड्या घालून एकावर एक रचल्या, बिस्किटांचे कागद गोळा केले. आमची अनामत रक्कम परत करताना ते एवढंच म्हणाले, "गाडगेबाबांचा वसा आहे, दुसरं काय!"

गाडगेबाबा तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मले, १९५६ मध्ये गेले. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा झाडायचे. हे आपण परीक्षेत लिहितो. पण या माणसाने धर्मशाळा किती बांधल्या, हे आपण लिहीत नाही! पंढरपूर, आळंदी, देहू, मुंबई आणि आपलं नाशिक. नाशिकला गोदाकाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि त्यांच्या नावाचा पूलही आहे. स्वतः बाबांनी कधी मालकीची खोली केली नाही. लोकांकडून मदत घेतली आणि ती यात्रेकरूंच्या डोक्यावरच्या छपराला लावली.

का बरं? देवळं बांधा असं सांगणारे पुष्कळ होते. बाबांच्या नजरेला मात्र यात्रेत उघड्यावर, चिखलात, म्हाताऱ्या आईला मांडीवर घेऊन रात्र काढणारे लोक दिसत होते. आणि त्यातही ज्यांना इतरांच्या धर्मशाळेत पाऊल टाकता येत नव्हतं, ते लोक दिसत होते. पूर्वी अनेक धर्मशाळा जातीजातींच्या होत्या. अमक्यांची अमकी, तमक्यांची तमकी. ज्यांना 'अस्पृश्य' म्हणून गावाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी पंढरपुरात निजायचं कुठे? बाबांनी तिथे त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. पुढे १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

नाशिकमध्ये तर हा प्रश्न रस्त्यावर आला होता. काळाराम मंदिराचं दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि कित्येक वर्षं चालला. आम्ही मुलांना घेऊन त्या काळ्या दगडाच्या मंदिराच्या दारात उभे राहिलो, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग ते लोक रात्री कुठं झोपले असतील?" रात्रीच्या गोंधळानंतर आमच्या मुलांना आता प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न पडत होता! मला आठवल्या त्या कानटोपीवाल्या काकांच्या नोंदवहीतल्या आमच्या एक्केचाळीस ओळी. आमच्या यादीत ठाकर होते, महादेव कोळी होते, मराठा, महार, धनगर सगळे होते. सगळ्यांच्या सतरंज्या एकाच रांगेत पडल्या.

रामकुंड आणि घाट आम्ही भराभर पाहिला, कारण गाडी पांडवलेण्यांकडे न्यायची होती. शहरापासून सातआठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून ही डोंगरावरची लेणी आहेत. एकूण चोवीस. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. पायऱ्या चढून वर गेल्यावर मुलं धापा टाकत सावलीला बसली. मी त्यांना दहाव्या लेण्यात नेलं. पुढे खांबांची ओसरी, आत चौकोनी दालन, दालनाच्या तीन बाजूंना लहान लहान कोठड्या. कोठडीत दगडाचाच ओटा. तीच गादी आणि तीच उशी! आमचा ऊसतोडवाला मुलगा त्या ओट्यावर हात फिरवून म्हणाला, "बाई, इथं सतरंजी तिहेरी लागंल."

बरोबर ओळखलंत. ही लेणी म्हणजे मुक्कामाचीच जागा! भिक्षू एरवी गावोगाव फिरायचे, पावसाळ्याचे महिने मात्र एका ठिकाणी राहायचे. त्याला वर्षावास म्हणतात. हे दहावं लेणं खोदवलं उषवदात नावाच्या माणसाने, सुमारे १९०० वर्षांपूर्वी. तो शक क्षत्रप नहपान याचा जावई. ओसरीतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत त्याचे लेख कोरलेले आहेत. त्याची बायको दक्षमित्रा हिनेही इथे एक कोठडी दान दिली. लेखात त्या कोठडीला 'ओवरक' म्हटलंय. देवळातली ओवरी आठवली का?

एका लेखात पैशांची व्यवस्था लिहून ठेवली आहे. उषवदाताने गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, दोन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचंच तेव्हाचं मोठं गाव. व्याज महिन्याला शेकडा एक. मूळ रक्कम कधी काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. सातवीच्या मुलांना म्हटलं, करा हिशेब! ओसरीत बसूनच त्यांनी केला. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणं कमी नाही की जास्त नाही! व्याजाच्या गणितांना एरवी नाकं मुरडणारी मुलं टाळ्या पिटायला लागली.

पण मला सांगायचं होतं ते पुढचंच. त्याच भिंतीवर उषवदाताच्या दानांची मोठी यादी आहे. गायी, गावं, सोनं असं राजेलोक द्यायचे ते सगळं आहेच. त्यात हेही आहे की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने प्रवाशांच्या निवाऱ्यासाठी चौसोपी घरं बांधून दिली. भरुकच्छ म्हणजे आजचं भडोच, दशपूर म्हणजे मध्य प्रदेशातलं मंदसोर, शूर्पारक म्हणजे नालासोपारा, आणि गोवर्धन तर आपलंच. विहिरी खोदल्या, तळी बांधली. तापी, दमणगंगा, पार अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि दोन्ही काठांना बसायला मंडप आणि पाणपोया केल्या. सह्याद्रीचे घाट उतरून सोपाऱ्याच्या बंदराकडे जाणारे व्यापारी, बैल हाकणारे, ओझी वाहणारे, भिक्षू, सगळे या वाटेने जायचे. वा. वि. मिराशी या मोठ्या संशोधकांनी हे लेख मराठीत समजावून दिले आहेत. तुमच्या गावच्या वाचनालयात असतील तर मोठ्या माणसांकडून वाचून घ्या.

म्हणजे बघा, नाशिकच्या परिसरात प्रवाशाला निजायला जागा करून देण्याची गोष्ट निदान १९०० वर्षं जुनी आहे, आणि तीही दगडात कोरलेली! मी मुलांना म्हटलं, "काल रात्री आपण ज्या रांगेत झोपलो ना, त्या रांगेची सुरुवात इथे आहे." एकजण म्हणाला, "बाई, पण इथं खिडकी न्हाई. आपली धर्मशाळा बरी."

परत आल्यावर एक मजेदार गोष्ट वाचनात आली. जर्मनीत आल्टेना नावाच्या गावी रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक होते. आमच्यासारखेच मुलांना घेऊन पायी सहली काढायचे. २६ ऑगस्ट १९०९ रोजी वाटेत भयंकर वादळी पाऊस आला. जागा कुठेच मिळेना. शेवटी एका खेड्यातल्या शाळेने वर्ग उघडून दिला, एका शेतकऱ्याने झोपायला पेंढा आणि प्यायला दूध दिलं. मुलं झोपली. गुरुजी जागेच! रात्रभर विजा चमकत होत्या आणि त्यांच्या डोक्यात विचार चालला होता, की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग दर एका दिवसाच्या चालीवर अशी एक शाळा मुलांना मुक्कामाला का मिळू नये? १९१२ मध्ये आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं. आज ज्याला 'युथ हॉस्टेल' म्हणतात, ते जगभर पसरलं ते तिथून. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही एक आहे. एका खोलीत एकावर एक पलंग, न्हाणीघर सामायिक, अंथरूण आपलं आपण आवरायचं आणि रात्री ठरल्या वेळी दार बंद. नियम वाचले आणि मला आमचे कानटोपीवाले काकाच आठवले.

तुम्ही मोठे व्हाल, परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला, मित्रांबरोबर फिरायला शहरात जाल, तेव्हा अशा ठिकाणी राहाल. जाताना एक कुलूप, एक विजेरी, एक जाड चादर आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. दार किती वाजता बंद होतं ते आधी विचारा. आणि रात्री मोठ्याने गप्पा मारायच्या आधी शेजारच्या पथारीवर कोण आहे ते बघून घ्या. प्रत्येकजण सहलीलाच आलेला नसतो.

सहलीनंतर ती आजींच्या पांघरुणात झोपलेली मुलगी महिनाभर रोज मला विचारायची, "बाई, त्या आजींचा मुलगा बरा झाला असंल का?" मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. मी आजींचं गावही नीट विचारून घेतलं नव्हतं.

जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि एका संध्याकाळी माझा फोन वाजला. तिचेच वडील होते. त्यांच्या आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नाशिकला न्यायचं होतं. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले, पेरणीचं बोलले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही उतरला होता त्या धर्मशाळेचा नंबर हाय का तुमच्याकडं? आन् गादी तिथं मिळती, का घरनं न्यावी लागंल?"